प्रवेशपरीक्षा, वैद्यकीय व दंतवैद्यकीय (महाराष्ट्रातील)

वैद्यक व दंतवैद्यक या विद्याशाखांच्या पदवी अभ्यासक्रमांना प्रवेश देताना उमेदवारांची तुलनात्मक गुणवत्ता ठरविण्यासाठी घेण्यात येणारी परीक्षा. अशा परीक्षेतील गुणांकडून दोन वेगवेगळी कामे अपेक्षिली जातात. उमेदवार हा अभ्यासक्रम पेलण्यास लायक आहे किंवा नाही, हे सांगणे हे पहिले. आणि लायक उमेदवारांत आधी कोण व नंतर कोण, हे सांगणे हे दुसरे. पहिल्या कामासाठी किमान मर्यादा पुरते. दुसऱ्यासाठी अर्ध्या गुणाचा फरकही निर्णायक मानावा लागतो. महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास म्हणजे बव्हंशी या दोन कामांची गल्लत, ती सोडविण्याचे शासनाचे व न्यायालयांचे प्रयत्न आणि त्या खटाटोपात पिढ्यान्पिढ्यांच्या विद्यार्थ्यांची झालेली ओढाताण यांचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण देणारी पहिली शाळा मुंबईत १८२६ साली डॉ. जॉन मॅक्‌लेनन यांच्या देखरेखीखाली निघाली व १८३२ मध्ये बंद पडली. त्यानंतर १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड हे होते. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्याने इंग्रजीचे ज्ञान हीच त्या काळची खरी चाळणी होती. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (१८५७) प्रवेशास प्रथम मॅट्रिक व पुढे इंटर सायन्स ही परीक्षा आवश्यक ठरली. जागा आणि उमेदवार यांचे प्रमाण विषम नव्हते तोवर गुणांची छाननी सूक्ष्मपणे करण्याचे कारण पडले नाही. शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय (१९२६), नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय (१९३३), मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय (१९४५), पुण्याचे बै. जी. वैद्यकीय महाविद्यालय (१९४६) व नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९४७) यांमुळे जागा वाढत गेल्या. पण स्वातंत्र्योत्तर काळात माध्यमिक शिक्षणाचा प्रसार त्याहून वेगाने झाला आणि डॉक्टरी हा मध्यमवर्गीय व नवशिक्षित कुटुंबांच्या आकांक्षेचा विषय बनला. तेव्हापासून प्रश्न ‘कोण पात्र आहे’ हा न राहता ‘कोणाला वगळावयाचे’ असा झाला.

प्रवेशाच्या निकषांचा वाद न्यायालयात गेला तो प्रथम मद्रासमधून. तेथील जातवार जागावाटपाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने चंपकम् दोराईराजन् खटल्यात (१९५१) अवैध ठरविला व त्याचा परिणाम म्हणून त्याच वर्षी संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये चौथा खंड घालण्यात आला. म्हैसूर राज्यातील वैद्यकीय प्रवेशांतूनच निघालेल्या बालाजी खटल्यात (१९६२) राखीव जागांचे प्रमाण सामान्यतः निम्म्याहून कमी असावे, असे सूत्र मांडले गेले. आरक्षणविषयक भारतीय कायद्याची कितीतरी मूलभूत तत्त्वे वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशयाद्यांवरून घडली, हा केवळ योगायोग नव्हे. दुर्मिळ वस्तूचे वाटप जेथे होते तेथेच न्यायाची व्याख्या करणे भाग पडते.

बारावीच्या गुणांचा काळ : महाराष्ट्रात १९७५ पासून नवी दहावीची परीक्षा व तिच्या पाठोपाठ बारावीची उच्च माध्यमिक परीक्षा आल्यावर इंटर सायन्सची जागा बारावीने घेतली. भौतिकी, रसायन व जीवशास्त्र या विषयांतील गुणांची बेरीज हाच प्रवेशाचा आधार ठरला. एकाच परीक्षेकडून शालेय शिक्षणाची समाप्ती प्रमाणित करणे व व्यावसायिक प्रवेशाचा क्रम लावणे अशी दोन्ही कामे करून घेण्यात आली. निबंधवजा उत्तरे असंख्य परीक्षक तपासत, आणि निरनिराळ्या विभागीय मंडळांत तपासणीचे मान सारखेच असेल, अशी खात्री कोणी देऊ शकत नव्हते. शिवाय केंद्रीय मंडळाच्या व अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांचे गुण राज्य मंडळाच्या गुणांशी कसे ताडावयाचे, हा प्रश्न होताच.

या काळात गुणपत्रिकेच्या अचूकतेविषयी विद्यार्थ्यांच्या मनातील शंका न्यायालयापुढे आली. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या विनियमांनुसार विद्यार्थ्यास केवळ गुणांच्या बेरजेची फेरपडताळणी मागता येई. उत्तरपत्रिका पाहता येत नसे, तिचे पुनर्मूल्यांकनही करून घेता येत नसे. मुंबई उच्च न्यायालयाने हे निर्बंध रद्द केले. परंतु परितोष भूपेशकुमार शेठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते पुन्हा वैध ठरविले. लक्षावधी उत्तरपत्रिका पुन्हा तपासावयाच्या तर निकालास अंत राहणार नाही, हे त्यामागील प्रमुख कारण होते. प्रशासनाच्या दृष्टीने ते रास्त म्हणता येईल. एका गुणाने प्रवेश हुकलेल्याला मात्र ते समजावून सांगणे कठीण होते. उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क परीक्षार्थीला मिळाला तो माहितीच्या अधिकाराखाली, २०११ सालच्या केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालाने, म्हणजे सत्तावीस वर्षांनंतर.

गुणांच्या अर्थाला प्रादेशिक मर्यादाही होत्या. वैद्यकीय जागा विद्यापीठनिहाय वाटल्या जात व एका विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्यास दुसऱ्या क्षेत्रातील महाविद्यालयात प्रवेश जवळजवळ बंद असे. त्यामुळे मुंबईत नाकारला गेलेला गुण मराठवाड्यात पुरेसा ठरे व क्वचित याच्या उलटही घडे. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने निदामर्ती महेशकुमार खटल्यात (१९८६) समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविली. त्यानंतर ७० टक्के जागा त्या त्या प्रदेशातील विद्यार्थ्यांना व ३० टक्के राज्यातील सर्वांना खुल्या, असे सूत्र रूढ झाले. महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ नासिक येथे १९९८ मध्ये स्थापन झाल्यावर वैद्यकीय महाविद्यालयांची जुनी विद्यापीठनिहाय विभागणी संपली. परंतु विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र या तीन विभागांच्या रूपाने ७०:३० चे सूत्र टिकून राहिले. ते रद्द करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० साली घेतला. मराठवाड्यात महाविद्यालये कमी व लातूरसारख्या केंद्रांमुळे उच्च गुण मिळविणारे विद्यार्थी अधिक, अशी स्थिती असल्याने ते सूत्र तेथे अन्यायकारक वाटत असे. विदर्भातून ते रद्द करण्यास विरोधही झाला.

‘लातूर पॅटर्न’ याच काळाचे अपत्य होय. लातूर येथील राजर्षी शाहू व दयानंद या महाविद्यालयांनी नियमित चाचण्या, सरावाचा भरगच्च कार्यक्रम व विद्यार्थ्यांवरील वैयक्तिक लक्ष यांच्या जोरावर बारावीच्या गुणवत्ता याद्यांत सातत्याने स्थान मिळविले. महानगराबाहेरचा विद्यार्थी शिस्तीच्या बळावर या स्पर्धेत उतरू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. परीक्षा हेच शिक्षण मानण्याच्या वृत्तीलाही त्यातून बळ मिळाले, ही टीकाही निराधार नाही.

खाजगी महाविद्यालये व नवी मुंबई : वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ च्या सुमारास विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. लोणी, कराड इ. ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालये निघाली. गुणवत्तेशिवाय दुसरा एक निकष, देणगीचा, प्रथमच उघडपणे अस्तित्वात आला. त्यास आळा घालण्यासाठी राज्याने १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक अधिनियम केला.

नवी मुंबईचा भाग या परिवर्तनाचे लहानसे पण बोलके उदाहरण आहे. शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) १९७० मध्ये स्थापन झाले व ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. घणसोलीलगतचे तळवली हे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील अशा गावांपैकी एक. भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या या पट्ट्याभोवती आधी कारखाने व मग शहर उभे राहिले. १९८९ साली नेरूळ येथे डॉ. डी. वाय्. पाटील वैद्यकीय महाविद्यालय व कामोठे येथे महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १९९१ मध्ये नेरूळलाच तेरणा वैद्यकीय महाविद्यालयाची भर पडली. दंत महाविद्यालयेही पाठोपाठ आली. खाडीच्या या काठावर एवढ्या वैद्यकीय जागा पूर्वी कधीच नव्हत्या. पण त्या खाजगी होत्या. सार्वजनिक खर्चाने चालणारे सर्वांत जवळचे महाविद्यालय म्हणजे ठाणे महानगरपालिकेचे कळवा येथील राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय (१९९२). तळवलीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने नेरूळ व कळवा यांतील अंतर हे मैलांत मोजण्याचे नव्हते. गुणवत्ता यादीतील क्रमांक आणि वार्षिक शुल्क यांत ते मोजावे लागे.

प्रवेशपरीक्षांचा उदय : प्रदीप जैन खटल्यात (१९८४) व त्यानंतरच्या आदेशांत सर्वोच्च न्यायालयाने सरकारी महाविद्यालयांतील पदवी अभ्यासक्रमाच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय स्पर्धेने भराव्यात, असे ठरविले. त्यासाठी १९८८ पासून केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ अखिल भारतीय पूर्ववैद्यकीय परीक्षा घेऊ लागले. भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या विनियमांनी दुसरे पाऊल उचलले. ज्या राज्यात पात्रता परीक्षा घेणारी मंडळे एकाहून अधिक आहेत, तेथे मूल्यमापन एकसारखे व्हावे म्हणून स्वतंत्र स्पर्धापरीक्षा घ्यावी, असे त्यांत नमूद होते. महाराष्ट्रात १९९९ पासून वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालयामार्फत सामायिक प्रवेशपरीक्षा (सी.ई.टी.) सुरू झाली. तिची मूळ रचना सोपी होती : जीवशास्त्रास १०० व भौतिकी आणि रसायन यांस प्रत्येकी ५० असे एकूण २०० गुण, सर्व प्रश्न बहुपर्यायी, चुकीच्या उत्तरास गुणकपात नाही. बारावीचे गुण यापुढे पात्रतेपुरते उरले. खुल्या वर्गासाठी तीन विषयांत मिळून ५० टक्के व राखीव वर्गांसाठी ४० टक्के. दोन कामांची फारकत येथे प्रथमच झाली.

ही फारकत पुरती झाली नाही, कारण प्रवेशपरीक्षा एक न राहता अनेक झाल्या. टी. एम्. ए. पै (२००२) व इस्लामिक अकादमी (२००३) या निकालांनी खाजगी संस्थांना प्रवेशाच्या बाबतीत काही स्वातंत्र्य दिले व महाराष्ट्रातील विनाअनुदानित वैद्यकीय आणि दंत महाविद्यालयांच्या संघटनेने आपली वेगळी परीक्षा (‘असो-सीईटी’) घेण्यास प्रारंभ केला. सेवानिवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील प्रवेश नियंत्रण समिती तिच्यावर देखरेख करी. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००५) या निकालाने अशा संस्थांच्या जागांवर शासनास आपला कोटा किंवा आरक्षण लादता येणार नाही, पण प्रवेश पारदर्शक आणि गुणवत्तेनुसारच झाले पाहिजेत, अशी भूमिका घेतली. अभिमत विद्यापीठांनी तर स्वतःच्याच परीक्षा सुरू केल्या. नेरूळची संस्था २००२ साली व कामोठ्याची २००६ साली अभिमत विद्यापीठ झाली.

परिणामतः २०१० च्या सुमारास तळवलीसारख्या ठिकाणच्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला बारावीची परीक्षा संपताच राज्याची सी.ई.टी., अखिल भारतीय पूर्ववैद्यकीय परीक्षा, असो-सीईटी, अभिमत विद्यापीठांच्या परीक्षा, पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाची परीक्षा, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची परीक्षा आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची, गांधीविचारावरील प्रश्नपत्रिकेसह असलेली परीक्षा, इतक्या परीक्षांचे अर्ज भरण्याची मुभा होती. मुभा म्हणावयाचे ते एवढ्यासाठी, की प्रत्येक अर्जाचे शुल्क, प्रवास व मुक्काम यांचा खर्च ज्याला झेपेल त्यालाच ती होती. प्रत्येक परीक्षेचे गुण वेगळ्या मापाचे होते. एकीतील १६० व दुसरीतील ७० टक्के यांत श्रेष्ठ कोणते, हे कोणालाच सांगता येत नसे. सेवाग्रामच्या परीक्षेबद्दल मात्र एक म्हटले पाहिजे : संस्थेला कोणत्या वृत्तीचा डॉक्टर हवा आहे, हे प्रश्नपत्रिकेतच सांगणारी ती अपवादात्मक परीक्षा होती.

एकच परीक्षा : भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २०१० च्या अधिसूचनांनी देशभर एकच राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षा (नीट) योजिली. ती प्रथम ५ मे २०१३ रोजी झाली. १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी ती परिषदेच्या अधिकाराबाहेरची ठरविली. न्यायमूर्ती अनिल दवे यांचे मत विरोधी होते. महाराष्ट्रात २०१४ साली पुन्हा राज्याची सी.ई.टी. आली. दरम्यान २०१५ ची अखिल भारतीय पूर्ववैद्यकीय परीक्षा इलेक्ट्रॉनिक साधनांनी उत्तरे पुरविण्याच्या प्रकारामुळे न्यायालयाने रद्द केली व सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांना ती जुलैमध्ये पुन्हा द्यावी लागली.

यानंतरचे २०१६ हे वर्ष महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत क्लेशदायक ठरले. ११ एप्रिल रोजी २०१३ चा निकाल मागे घेण्यात आला. २८ एप्रिलला नीट त्याच वर्षी घेण्याचा आदेश झाला. तिचा पहिला टप्पा म्हणून १ मे रोजीची पूर्ववैद्यकीय परीक्षा धरण्यात आली. आणि राज्याची सी.ई.टी. ५ मे रोजी ठरल्याप्रमाणे पार पडली. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर व गुणकपात नसलेल्या पद्धतीवर दोन वर्षे तयारी केलेल्यांना सी.ई.टी. दिल्यानंतर तिचे गुण चालतील की नाही, हे कित्येक दिवस माहीत नव्हते. २४ मे रोजीच्या अध्यादेशाने राज्यांना त्या वर्षापुरती सवलत मिळाली. महाराष्ट्रात शासकीय जागा सी.ई.टी.च्या व खाजगी आणि अभिमत संस्थांच्या जागा नीटच्या गुणांवर भरल्या गेल्या. २०१७ पासून नीट हा एकमेव मार्ग उरला. २०१९ पासून ती राष्ट्रीय परीक्षा यंत्रणा घेते व २०२० पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांचे प्रवेशही तिच्याच कक्षेत आले.

गुणांचे वाचन : नीटमध्ये १८० प्रश्नांना प्रत्येकी ४ याप्रमाणे ७२० गुण असतात व चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो (२०२१ ते २०२४ या काळात २०० प्रश्न देऊन त्यांपैकी १८० सोडवावयाचे असत). गुण वजा होत असल्याने अंदाजाने उत्तर देणे तोट्याचे असते, हा समज गणिताने टिकत नाही. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडल्यास सरासरीने चारांतील एक उत्तर बरोबर येते. म्हणजे चार प्रश्नांमागे ४ गुण मिळतात व ३ जातात. प्रत्येक प्रश्नामागे पाव गुणाचा लाभ शिल्लक राहतो. अंदाजाचा लाभ पूर्णपणे शून्य करावयाचा तर कपात एकाऐवजी एक पूर्णांक एक तृतीयांश गुण असावयास हवी. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर सरासरी लाभ दोन तृतीयांश गुणापर्यंत जातो. राज्याच्या जुन्या सी.ई.टी.त तर निव्वळ योगायोगाने २०० पैकी सरासरी ५० गुण पडणे शक्य होते. तेथील ९० गुणांची किंमत करताना ही गोष्ट विसरून चालत नसे.

सर्वाधिक गोंधळ टक्केवारी व शततमक (पर्सेंटाइल) यांत होतो. टक्केवारी एकूण गुणांपैकी किती मिळाले हे सांगते, तर शततमक परीक्षार्थींपैकी किती जण आपल्या बरोबरीचे किंवा मागे आहेत हे सांगते. नीटची पात्रता खुल्या वर्गास ५० व्या आणि राखीव वर्गांस ४० व्या शततमकावर ठरते. २०२४ साली ५० व्या शततमकाशी जुळणारे गुण अंतिमतः ७२० पैकी १६२ होते, म्हणजे साडेबावीस टक्के. २०२२ साली ते ११७, तर २०२५ साली १४४ होते. ‘नीट उत्तीर्ण’ या शब्दांना त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही; २०२४ मध्ये सुमारे २३ लाख परीक्षार्थींपैकी १३ लाखांवर पात्र ठरले आणि एम्. बी. बी. एस्.च्या जागा होत्या सुमारे १ लाख ८ हजार. पात्रतेची रेषा व प्रवेशाची रेषा यांमधील हा विस्तीर्ण पट्टा खाजगी संस्थांच्या महागड्या जागांना उमेदवार पुरवितो. ज्याचे गुण कमी पण ऐपत अधिक, तो या पट्ट्यात खालून प्रवेश मिळवितो. ज्याचे गुण अधिक पण ऐपत कमी, तो परत फिरतो. गुणवत्तेच्या नावाने चालणाऱ्या व्यवस्थेतील हा सर्वांत मोठा छेद होय आणि तो परीक्षेच्या रचनेतून नव्हे, शुल्काच्या रचनेतून निर्माण होतो.

गुण स्थिर वाटतात, पण त्यांची किंमत दरवर्षी बदलते. २०२४ साली ६०० गुण मिळविणाऱ्याचा अखिल भारतीय क्रमांक ऐंशी हजारांच्या जवळपास गेला. २०२५ साली प्रश्नपत्रिका, विशेषतः भौतिकीची, कठीण असल्याने तेवढ्याच गुणांना सुमारे तेराशेवा क्रमांक लाभला. गेल्या वर्षीच्या गुणमर्यादेवरून यंदाचा प्रवेश ताडणारा पालक म्हणूनच फसतो. तुलना करावयाची ती क्रमांकाशी क्रमांकाची. त्यातही अखिल भारतीय क्रमांक फक्त १५ टक्के केंद्रीय जागा व अभिमत विद्यापीठे यांसाठी थेट उपयोगी पडतो. उरलेल्या जागांकरिता राज्य सामायिक प्रवेशपरीक्षा कक्षाची राज्य गुणवत्ता यादी आणि तीतील प्रवर्गनिहाय स्थान पाहावे लागते. समान गुण असल्यास आधी जीवशास्त्राचे, मग रसायनाचे, मग भौतिकीचे गुण पाहिले जातात; त्यानेही निकाल न लागल्यास चुकीच्या उत्तरांचे प्रमाण विचारात येते.

एवढ्या सूक्ष्म क्रमवारीस मापनाचा आधार किती, हा प्रश्न परीक्षाशास्त्रात जुना आहे. अमेरिकेत वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या गळतीवर उपाय म्हणून १९२८ पासून एफ्. ए. मॉस यांची अभिवृत्ती चाचणी वापरात आली व पुढे तीतून आजची प्रवेशचाचणी विकसित झाली. २०१५ पासून तिचे गुण ४७२ ते ५२८ या श्रेणीत दिले जातात. प्रत्येक गुणाबरोबर त्याची विश्वासमर्यादा छापली जाते, म्हणजे खरा गुण याच्या थोडा वर किंवा खाली असू शकेल, हे परीक्षा घेणारी संस्थाच सांगते. महाविद्यालये त्या गुणांबरोबर पदवीचे गुण, मुलाखत व अन्य कर्तृत्व यांचाही विचार करतात. भारतात मुलाखतीस स्थान देण्याचे प्रयोग पूर्वी झाले व म्हैसूरच्या चित्रलेखा खटल्यात (१९६४) न्यायालयाने ते वैधही मानले. पण वशिल्याच्या भीतीने लोकमत यंत्राने तपासलेल्या गुणांकडेच झुकले. ती भीती काल्पनिक नव्हती. त्याची किंमत अशी पडली, की ५५६ व ५५५ यांतील फरक मापनातील चुकीच्या आत असू शकतो, हे कोठेही नमूद होत नाही. शततमकाने निरनिराळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणण्याचा प्रयोग महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये अकरावीच्या प्रवेशांसाठी करून पाहिला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

भाषेचा प्रश्नही गुणांच्या अर्थाशी निगडित आहे. २०१७ साली दहा भाषांत नीट झाली, तीत मराठी होती. पण प्रादेशिक भाषांतील प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीतील प्रश्नपत्रिकेहून भिन्न असल्याने तक्रारी झाल्या व पुढे सर्व भाषांत एकच प्रश्नसंच ठेवण्यात आला. तमिळ भाषांतरातील ४९ प्रश्नांच्या चुकांबद्दल मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये १९६ गुण देण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सामाजिक संदर्भाची बाजू २०२२ सालच्या नील ऑरेलिओ न्यून्स निकालात पुढे आली. खुल्या स्पर्धेतील गुण हे काही वर्गांना पिढीजात लाभलेल्या सांस्कृतिक व आर्थिक साधनांचे प्रतिबिंब असू शकतात, म्हणून गुणवत्ता केवळ गुणांत सामावत नाही, असे प्रतिपादन त्यात आहे. खर्चिक शिकवणी वर्ग ज्याच्या आवाक्याबाहेर आहेत, अशा प्रकल्पग्रस्त गावातील मुलाने मिळविलेले ५०० गुण व दोन वर्षे निवासी वर्गात राहून मिळविलेले ५२० गुण यांची तुलना यादी करते. तिने ती करणे अपरिहार्यही आहे. ती तुलना अंतिम सत्य नव्हे, एवढेच या निकालातून सूचित होते.

दंतवैद्यक : दंतवैद्यकाचे प्रवेश त्याच परीक्षेतून व त्याच यादीवरून होत असले, तरी गुणांचा अर्थ तेथे पालटतो. बहुतेक उमेदवार एम्. बी. बी. एस्.ला प्रथम पसंती देतात, त्यामुळे शासकीय दंत महाविद्यालयांतील नामांकित जागा सोडल्यास दंत जागा उरतात. २०२०-२१ साली देशात सुमारे सात हजार दंत जागा रिकाम्या राहिल्या. केंद्र शासन व दंत परिषद यांत मतभेद झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या वर्षापुरती पात्रता दहा शततमकांनी खाली आणण्यास सांगितले. आदल्या वर्षीही तशीच सवलत देण्यात आली होती. पात्रता ही उमेदवाराच्या लायकीवरून ठरते की रिकाम्या बाकांच्या संख्येवरून, अशी शंका येथे स्वाभाविकपणे येते. वैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशांत तर सप्टेंबर २०२३ मध्ये पात्रता शून्य शततमकावर आणण्यात आली.

अलीकडील घटना : ४ जून २०२४ रोजी लागलेल्या नीटच्या निकालात ६७ उमेदवारांना ७२० पैकी ७२० गुण मिळाले आणि काहींच्या नावापुढे ७१८ व ७१९ असे गुण दिसले. एक प्रश्न सोडल्यास ७१६ व एक चुकल्यास ७१५, त्यामुळे हे दोन आकडे नियमांनुसार संभवत नव्हते. साध्या अंकगणिताने विद्यार्थ्यांनीच हे निदर्शनास आणले. काही केंद्रांवर वेळ वाया गेल्याबद्दल १,५६३ उमेदवारांना वाढीव गुण दिल्याचे त्यातून उघड झाले. ते गुण रद्द करून त्यांना २३ जून रोजी फेरपरीक्षेची संधी देण्यात आली. भौतिकीच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे ग्राह्य धरली होती. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील तज्ञांच्या मतानुसार एकच उत्तर योग्य ठरल्यावर चार लाखांहून अधिक उमेदवारांचे प्रत्येकी पाच गुण कमी झाले व पूर्ण गुण मिळविणारे १७ उरले. हजारीबाग व पाटणा येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे न्यायालयाने मान्य केले, मात्र संपूर्ण परीक्षा रद्द करण्याइतका तो दोष व्यापक नसल्याचे २३ जुलै २०२४ रोजी सांगितले. तपासाचे धागे लातूरपर्यंतही आले होते. सुधारित निकाल २६ जुलैला जाहीर झाला व त्यावरून राज्याची गुणवत्ता यादी तयार करण्यात आली. २०२५ च्या परीक्षेत प्रश्नसंख्या पुन्हा १८० व वेळ १८० मिनिटे करण्यात आली. त्या वर्षी देशातील सर्वोच्च गुण ६८६ होते.